पुलाचे छायाचित्र आणि दोन तीर : ठाण्याच्या खाडीवरील पुलांच्या निमित्ताने

पुलाचे कोणते छायाचित्र लक्षवेधी म्हणावे, हा प्रश्न वरकरणी केवळ छायाचित्रकलेचा वाटतो. प्रकाश, कोन आणि रचना यांची चर्चा केली की तो संपला, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला तो इतक्यावर सोडता येत नाही. पूल कोसळतात, पाडले जातात, त्यांच्या शेजारी नवे उभे राहतात. मागे उरते ते चित्र. पुढील पिढ्या त्या चित्रालाच साधन मानून पुलाविषयी मत बनविणार. तेव्हा डोळ्यांना खिळवून ठेवणारे चित्र कोणते आणि पुलाविषयी खरे सांगणारे चित्र कोणते, हे दोन प्रश्न एकत्रच विचारावे लागतात. प्रस्तुत लेखात हा विचार ठाण्याच्या खाडीवरील व मुंबई बंदरावरील पुलांच्या, म्हणजेच नवी मुंबईस मुंबईशी जोडणाऱ्या पुलांच्या आधारे केला आहे. तुलनेसाठी बोरघाटाचे उदाहरण घेतले आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘पूल’ हा शब्द मराठीने फारसीतून घेतला. कोकणात ओढ्यावरील लहान पुलाला ‘साकव’ म्हणतात. त्याचे मूळ संस्कृत ‘संक्रम’ या शब्दात आहे आणि त्यात पाऊल पलीकडे टाकण्याची क्रिया आहे. ‘सेतु’ शब्दाची घडण याहून निराळी. ‘सि’ म्हणजे बांधणे, या धातूपासून तो सिद्ध झाला असून संस्कृतात बंधन, बांध, सीमा असे त्याचे अर्थ आढळतात. म्हणजे साकवात लक्ष ओलांडण्याकडे, तर सेतूत दोन बाजू बांधण्याकडे आहे. खाडीकाठच्या आगरी शेतकऱ्याने भरतीचे खारे पाणी अडविण्यासाठी घातलेला मातीचा बांध हाही त्या जुन्या अर्थाने सेतूच होय. नव्या सागरी मार्गांना आपण आवर्जून ‘सेतू’ म्हणू लागलो आहोत. हे नाव सार्थ ठरावयाचे, तर चित्रात ज्या दोन बाजू बांधल्या गेल्या त्या दिसावयास हव्यात. पुलाच्या छायाचित्राची कसोटी या शब्दातच सापडते, असे मला वाटते.

आता इतिहासाकडे वळू. मुंबई–ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला आणि १ मे १८५४ रोजी तो खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला. त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. खाडीवरील पहिला लोहमार्गी पूल आणि मुंबईतील संघटित छायाचित्रण ही दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये होत. त्या काळी १८५१ साली शोधलेली कलोडियन पद्धती प्रचारात येत होती. काचेवर द्रव पसरून ती ओली असतानाच चित्र घ्यावयाचे व लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुवावयाचे, असा तो खटाटोप होता. प्रकाश कित्येक सेकंद आत घ्यावा लागे. परिणामी जे स्थिर तेच चित्रात ठसे. जे हलते ते पुसट होई किंवा नाहीसे होई. पूल ही स्थिर वस्तू असल्यामुळे तो या तंत्राचा आवडता विषय झाला. त्यावर राबणारा मजूर मात्र, त्याला मुद्दाम उभे केले असेल तरच, चित्रात आला.

बोरघाटातील बांधकाम याचे उत्तम उदाहरण आहे. जी.आय.पी. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेल्या या घाटमार्गावर २५ बोगदे आणि ८ मोठे पूल होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच अल्पावधीत मरण पावले व त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका पुढे चालविला. या बांधकामाची छायाचित्रेही त्यांच्या नावावर आहेत. १८६१ च्या सुमारास घाटात ४२ हजारांवर मजूर काम करीत होते. मार्ग १८६३ साली खुला झाला. पुढे चारच वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, इंग्रजी कागदपत्रांत ‘म्हाउ-के-मल्ली’ या नावाने नोंदलेला पूल कोसळला आणि दगडी बांधकामाच्या निकृष्टतेची चर्चा सुरू झाली. छायाचित्रातील कमानी कितीही भव्य दिसोत, कॅमेऱ्याला दिसते ती दगडाची दर्शनी बाजू. आतील चुन्याचा कस त्याला कळत नाही. भव्यतेचा भास आणि बळकटपणा या भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्या घटनेने घालून दिला आहे.

नवी मुंबईची गोष्ट याहून वेगळी आहे. येथे पूल आधी कल्पिला गेला व शहर त्याच्या भरवशावर आले. जून १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या विशेषांकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नव्या शहराची योजना मांडली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ साली, लोहमार्गाचा पूल १९९२ साली, वाशीचाच दुसरा रस्तापूल १९९७ साली आणि ऐरोलीचा पूल १९९९ साली वाहतुकीस खुला झाला. शिवडी व चिर्ले यांना जोडणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. त्याची एकूण लांबी २१.८ किलोमीटर असून त्यापैकी सुमारे १६.५ किलोमीटर भाग समुद्रावर आहे.

या पुलांचे चित्र काढणे कठीण का, हे साध्या गणिताने समजते. १६.५ किलोमीटर लांबीला सुमारे २५ मीटर उंची धरली, तर प्रमाण ६६० ला १ असे पडते. २० सेंटिमीटर रुंदीच्या कागदावर हा सर्व भाग मावविला, तर त्याची उंची मिलिमीटरच्या एकतृतीयांशाहून कमी भरेल. चित्रात उरेल ती एक रेघ. जून २००९ मध्ये खुल्या झालेल्या वांद्रे–वरळी सागरी सेतूला शंभराहून अधिक मीटर उंचीचा मनोरा व त्यास ताणून धरणाऱ्या तारा आहेत. म्हणून तो मुंबईचे चिन्ह सहज बनला. खाडीवरील पुलांना अशी उभी रेषा नाही. छायाचित्रकार मग दोन उपाय योजतो. एक, पुलाच्या टोकाशी उभे राहून दूर जाणाऱ्या खांबांची रांग टिपणे. यात पलीकडचा तीर धुक्यात लोपतो. दुसरा, आकाशातून पाहणे. यात पुलाचे डौलदार वळण दिसते, परंतु खाली पाणी आहे की रंगविलेला कागद, हे कळेनासे होते. दोन्ही उपायांनी चित्र लक्ष वेधते. दोन्हींत सेतू मात्र हरवतो, कारण ज्यांना त्याने बांधले त्यांपैकी निदान एक बाजू चित्राबाहेर राहते.

ही बाजू बहुधा पूर्वेची असते, आणि येथेच प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. अटल सेतूचे पूर्वेकडील टोक जासईच्या परिसरात उतरते. याच जासई–पागोटे भागात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्याकरिता दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या आंदोलनावर गोळीबार झाला व पाच जण मृत्युमुखी पडले. प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के वाटा देण्याच्या धोरणामागे त्या लढ्याचा इतिहास आहे. या घटनेस ४० वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले असताना सेतूचे उद्घाटन झाले. पश्चिमेकडील उंच इमारतींची पार्श्वभूमी घेतलेले चित्र पाहून हा सेतू मुंबईतून निघतो, एवढेच वाचकास कळते. तो कोठे पोहोचतो, हे कळत नाही. पूर्वेच्या तीरावरची भातशेती, मिठागरे, बांध आणि मासेमारीच्या होड्या ज्या चित्रात नाहीत, ते चित्र पुलाचा अर्धाच इतिहास नोंदविते.

उभे कोठे राहावे, यावरही बंधने आहेत. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमानुसार रस्ते, लोहमार्ग व त्यांवरील बांधकामे सरकारला अधिसूचनेने निषिद्ध स्थळे ठरविता येतात. अटल सेतूवर वाहन थांबविण्यास मनाई आहे, आणि आरंभीच्या दिवसांत छायाचित्रासाठी थांबलेल्यांवर पोलिसांनी कारवाईही केली. ही बंधने सुरक्षिततेसाठी योग्य आहेत. त्यांचा एक अनपेक्षित लाभ असा, की छायाचित्रकाराला पुलावरून उतरून काठावर यावे लागते. काठावर ओहोटीच्या वेळी खांबांच्या पायाशी चिखल उघडा पडतो. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात. ठाणे खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ साली रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. चिखल, पक्षी आणि होडी यांच्या मोजमापाने पुलाची खरी उंची प्रथमच डोळ्यांस उमगते. सकाळच्या वा सायंकाळच्या तिरप्या उन्हात खांबांच्या सावल्या लांबतात व सपाट रेघेला खोली येते. कलादृष्टीने उत्तम आणि इतिहासदृष्टीने उपयुक्त असे स्थान येथे एकच ठरते, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

यावरून काढावयाचा निष्कर्ष मर्यादित आहे. लक्षवेधी चित्रास तीर दाखविलेच पाहिजेत, असा नियम कोणी घालू शकत नाही. परंतु जे चित्र पुलाने ओलांडलेले अंतर आणि त्या अंताराची किंमत पाहणाऱ्यास जाणवून देते, ते अधिक काळ लक्षात राहते व साधन म्हणूनही अधिक काळ उपयोगी पडते. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी या खाडीकाठी काम करताना प्रत्येक छायाचित्रासोबत दिनांक, वेळ, भरती-ओहोटीची स्थिती, उभे राहण्याचे ठिकाण आणि तेथील लोक त्या जागेला देत असलेले नाव एवढ्या पाच गोष्टी अवश्य नोंदवाव्यात. गावठाणे शहरात विरत आहेत. जागांची नावेही त्यांच्याबरोबर जातील. पूल नवा बांधता येतो. गेलेला तीर मात्र नोंदीतच सापडतो.