वाटणी, धुकं आणि न सुटलेली भूमिती : प्रस्तावना

राजगडाचा नकाशा समोर घेतला, तर मधे बालेकिल्ला आणि त्याच्यापासून तीन बाजूंना गेलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या दिसतात. पद्मावतीच्या टोकावरून सुवेळेच्या टोकापर्यंत पट्टीने रेघ ओढली, तर ती तटाबाहेर पडते आणि गुंजवण्याच्या बाजूच्या दरीवरून जाते. ज्या आकृतीत असं कधीच होत नाही, म्हणजे आतले कुठलेही दोन बिंदू घेतले तरी त्यांना जोडणारी रेघ आतच राहते, ती आकृती बहिर्वक्र. वर्तुळ, त्रिकोण, आयत बहिर्वक्र आहेत. राजगड नाही, तोरणाही नाही.

पुढच्या पानांत शिरायला एवढी व्याख्या पुरते. गणिताच्या बहुतेक शाखांत न सुटलेला प्रश्न नुसता समजून घ्यायलाच काही वर्षं अभ्यास करावा लागतो. इथे तसं नाही. बहिर्वक्र आकृत्या, वक्र आणि पृष्ठं यांचे कितीतरी प्रश्न भोरच्या किंवा वेल्ह्याच्या शाळेतल्या दहावीच्या मुलीला फळ्यावर काढून दाखवता येतात, आणि त्यांची उत्तरं अजून जगात कोणालाही आलेली नाहीत. म्हणूनच या विषयाचं दार आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी सताड उघडं आहे, असं मला मनापासून वाटतं.

वाटणीपासून सुरुवात करू. जमिनीची वाटणी हा आपल्याकडे घरोघरचा विषय. बांध कुठून घालायचा यावर वर्षानुवर्षं जातात. समजा, जमीन सपाट आणि बहिर्वक्र आहे, आणि दोन भावांना क्षेत्र सारखं हवं आहे. शिवाय कुंपणाचा खर्चही सारखा यावा, म्हणजे दोन्ही हिश्श्यांची परिमिती सारखी हवी. असा सरळ बांध नेहमी सापडतो का? सापडतो. एक दिशा ठरवा. त्या दिशेला समांतर आणि क्षेत्र बरोबर निम्मं करणारा बांध एकच असतो. डाव्या हिश्श्याच्या परिमितीतून उजव्याची परिमिती वजा करा आणि दिशा हळूहळू फिरवू लागा. बांधही सरकत सरकत फिरेल. अर्धा फेरा झाला की बांध पुन्हा मूळ जागी येतो, पण डावं-उजवं उलटलेलं असतं; म्हणून वजाबाकीचं चिन्हही उलटतं. अधिकाकडून उण्याकडे जाताना ती मधे कुठेतरी शून्य झालीच पाहिजे. खुंटी तिथे ठोकायची.

भाऊ तीन झाले की ही युक्ती हातची जाते. एक-तृतीयांश क्षेत्र तोडणारा बांध अर्धा फेरा फिरवला, तर तो मूळ जागी न येता समोरच्या बाजूला जातो. वाटेकरी कितीही असले तरी सारख्या क्षेत्राचे, सारख्या परिमितीचे बहिर्वक्र हिस्से पाडता येतात का, हा प्रश्न आर. नंदकुमार आणि एन. रमण राव या भारतीयांनी २००६ मध्ये मांडला. तीन हिश्श्यांचं उत्तर २०१० मध्ये मिळालं. संख्या मूळ असेल किंवा मूळ संख्येचा घात असेल, तर होकार आहे हे २०१४ पर्यंत सिद्ध झालं. सहा ही अशी नसणारी पहिली संख्या, आणि नेमकं तिथेच काम अडलं. २०१८ मध्ये आकोप्यान, अव्वाकुमोव्ह आणि कारासेव यांनी सपाटीवरच्या आकृत्यांसाठी कुठल्याही संख्येची सिद्धता मांडली. ती हिस्से पडतात एवढं सांगते. ते पटकन कसे शोधायचे हे सांगत नाही. त्रिमितीत घनफळ आणि पृष्ठफळ यांच्याबरोबर तिसरं एखादं मापही सारखं हवं म्हटलं, तर सहा हिश्श्यांपाशी त्यांची पद्धतही थांबते.

दुसरा प्रश्न धुक्यातला. पावसाळ्यात मढे घाटाच्या अंगाला धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. समजा, रानातून जाणारा सरळ रस्ता तुमच्यापासून बरोबर एक किलोमीटरवर आहे, पण कुठल्या बाजूला ते माहीत नाही. एक किलोमीटर सरळ चालून मग त्याच त्रिज्येचा पूर्ण फेरा मारला, तर रस्ता नक्की लागतो; चाल पडते जास्तीत जास्त ७.२८ किलोमीटर. १९५७ मध्ये इझबेल यांनी ६.४० किलोमीटरांहून किंचित कमी लांबीची वाट दाखवली, आणि तिच्याहून आखूड खात्रीची वाट नाही.

रिचर्ड बेलमन यांनी १९५६ मध्ये याहून मोठा प्रश्न विचारला होता : रानाचा आकार आणि मापं ठाऊक आहेत, पण आपण आत कुठे आहोत आणि तोंड कुठे आहे हे ठाऊक नाही, तर बाहेर पडायची सर्वांत आखूड खात्रीची वाट कोणती? रान गोल असेल तर व्यासाइतकं सरळ चालावं. पण एक किलोमीटर बाजूचा समभुज त्रिकोण असेल, तर सरळ चालणं सर्वांत चांगलं नाही! तीन सरळ तुकड्यांची नागमोडी वाट सुमारे ९८२ मीटरांतच बाहेर काढते. बेसिकोविच यांनी ती १९६५ मध्ये सुचवली आणि तिची सिद्धता २००६ मध्ये झाली. अठरा मीटर वाचतात हे खरं करून दाखवायला एकेचाळीस वर्षं लागली. सर्व बहिर्वक्र आकारांना लागू पडेल असं उत्तर आजही नाही.

हाच प्रश्न उलटा केला की लिओ मोझर यांचा १९६६ चा प्रश्न तयार होतो. एक मीटर लांबीची दोरी जमिनीवर कशीही वेडीवाकडी पडली, तरी तिला झाकणारी सर्वांत लहान गोधडी केवढी? गोधडी बहिर्वक्र हवी म्हटलं, तर तिचं क्षेत्रफळ ०.२३२ आणि ०.२७१ चौरस मीटर यांच्या मधे कुठेतरी आहे. नेमका आकडा कोणालाच माहीत नाही.

वक्रांच्या प्रकरणाची ओळख भाटघरच्या पाण्याने होईल. १९२८ मध्ये पुऱ्या झालेल्या या धरणाचं पाणी वेळवंडीच्या खोऱ्यात ओढ्याओढ्यांत शिरलं आहे. या वाकड्यातिकड्या काठावर चार माणसं अशी उभी करता येतील का, की त्यांचा अचूक चौरस व्हावा? टप्लिट्झ यांनी १९११ मध्ये विचारलं ते कुठल्याही बंद, स्वतःला न छेदणाऱ्या वक्राबद्दल. गुळगुळीत वक्रांसाठी उत्तर होकारार्थी आहे. २०२० मध्ये ग्रीन आणि लॉब यांनी तर अशा वक्रावर हव्या त्या प्रमाणाचा आयत बसतो हेही दाखवलं. मात्र कितीही जवळून पाहिलं तरी खडबडीतच राहणाऱ्या वक्रांबद्दल शंभर वर्षांनंतरही कोणी खात्रीने बोलू शकत नाही.

पृष्ठांबद्दल इथे थोडंच लिहितो, कारण त्यांची तयारी अधिक लागते. त्या वाटेने जायचं असेल तर पुणे जवळच आहे. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये तिथे भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. वक्र आणि पृष्ठांच्या भूमितीतले अवघड प्रश्न शालेय बीजगणिताच्या बळावर हाताळता येतात, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. त्यांना शेवटपर्यंत खुणावणारी, केलर यांची १९३९ मधली, बहुपदींविषयीची जाकोबी अटकळ दोन चलांसाठीही अजून सुटलेली नाही.

वाचकाला एक विनंती. पुढचं पान उलटण्याआधी पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापा, समभुज सोडून कुठलाही. दोऱ्याचा एक तुकडा हवा तसा वाकवा आणि तो त्रिकोणाच्या आत पूर्ण मावतो का ते फिरवून, सरकवून, उलटवून पाहा. कुठल्याच प्रकारे मावला नाही, तर ती बाहेर पडायची खात्रीची वाट आहे. मग दोरा आखूड करत जा. तुमच्या त्रिकोणाचं शेवटचं उत्तर कदाचित कुठल्याच पुस्तकात नसेल. जे सापडेल ते तारीख घालून वहीत मराठीत लिहून ठेवा, आणि मग पहिल्या प्रकरणाकडे या.