एकशेऐंशी बाय पन्नास

आजचा विषय एक भोक आहे. अगदी शब्दशः. १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच, आयताकृती. तुमची गाडी पंधरा-वीस वर्षांपूर्वीची असेल, तर डॅशबोर्डाच्या मधोमध बसलेला टेप बाहेर काढला की बहुतेक वेळा मागे हेच भोक दिसतं, किंवा ह्याच्या दुप्पट उंचीचं. गाडी जपानी असो, जर्मन असो की गुरगावची. आणि बाजारातून स्टिरीओ कुठल्याही कंपनीचा आणा, त्यात तो बसतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसातून पन्नास वेळा 'इंटरफेस' म्हणतो, इतकं की त्या शब्दाचा चोथा झालाय. मला विचाराल तर टीममध्ये नवीन आलेल्या पोराला इंटरफेस समजवायचा असेल, तर त्याला अर्धा तास कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात उभं करावं. दुकानातला मुलगा यू आकाराच्या दोन पिना खाचेत सारतो, जुना टेप खसकन बाहेर ओढतो, मागचे कप्लर काढतो, नवीन टेपची पत्र्याची चौकट भोकात बसवतो, तिच्या जिभा स्क्रू-ड्रायव्हरने वाकवतो, कप्लर जोडतो, टेप आत ढकलतो. खट्! झालं. गाडी कुणी बनवली आणि टेप कुणी बनवला, त्या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडलेली नसते. पण दोघांनी एकच कागद वाचलेला असतो. त्या कागदाची ही गोष्ट.

गंमत अशी की सुरुवातीला 'कंपनी फिटेड' असं काही नव्हतंच. गाडीतला रेडिओ जन्माला आला तोच बाहेरून बसवायची वस्तू म्हणून. शिकागोच्या पॉल गॅल्व्हिनची कंपनी मंदीत डबघाईला आलेली. १९३० च्या जून महिन्यात अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं संमेलन होतं. तिथे स्टॉल घ्यायला पैसे नाहीत, म्हणून ह्या पठ्ठ्याने रेडिओ बसवलेली आपली स्टुडबेकर गाडी बाहेरच उभी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गाणी ऐकवली. मॉडेलचं नाव ५टी७१, किंमत शंभर डॉलरच्या वर. आणि त्या काळात फोर्डची नवी गाडी पाच-साडेपाचशे डॉलरला मिळायची! रेडिओला नाव दिलं मोटोरोला. ते इतकं चाललं की १९४७ मध्ये कंपनीनेच ते घेतलं. हो, तीच ती मोबाईलवाली मोटोरोला.

तेव्हा हे काम 'खट्' असं मुळीच होत नव्हतं. रेडिओचा डबा एकीकडे, स्पीकर दुसरीकडे, बॅटऱ्या पायाखालच्या फळीखाली. गाडीची बॅटरी सहा व्होल्टची आणि रेडिओच्या व्हॉल्व्हना हवा त्याच्या कितीतरी पट दाब, म्हणून वेगळ्या बॅटऱ्या. एरियलसाठी छताचं आतलं कापड उसवायचं. आणि एवढं करून इंजिन चालू केलं की प्रत्येक ठिणगीबरोबर स्पीकरमधून कडकड. ती थांबवायला स्पार्क प्लगच्या वायरींवर रोधक बसवायचे. म्हणजे मेकॅनिकला अर्धा सुतार, अर्धा शिंपी आणि उरलेला वायरमन असावं लागायचं. १९३२ साली जर्मनीत आलेला ब्लाऊपुंक्टचा पहिला कार रेडिओ इतका अगडबंब होता की डॅशबोर्डात मावायचा प्रश्नच नव्हता. तो कुठेतरी आत बसवायचा आणि स्टिअरिंगजवळच्या छोट्या नियंत्रकाने चालवायचा. त्याची किंमत ४६५ मार्क, म्हणजे लहान गाडीच्या सुमारे एक तृतीयांश.

मग गाडीच्या कंपन्या जाग्या झाल्या. रेडिओ कारखान्यातूनच बसवून यायला लागला, डॅशबोर्डात मुरला, त्याच्यासाठी पत्र्याला सुबक आकार मिळाला. आणि इथूनच ओढाताण सुरू होते. गाडीवाल्याला वाटतं डॅशबोर्ड माझा, त्यात काय बसेल ते मी ठरवणार. गिऱ्हाइकाला वाटतं गाडी माझी.

ह्या ओढाताणीतला माझा सगळ्यात आवडता किस्सा १९५६ च्या मॉडेलांचा. क्रायस्लरने चक्क रेकॉर्ड प्लेयर बसवून दिला. चालत्या गाडीत, डॅशबोर्डखाली, तबकडी! नाव हायवे हाय-फाय. बनवणारा पीटर गोल्डमार्क, म्हणजे ज्याच्या हाताखाली लाँग प्लेइंग रेकॉर्ड तयार झाली तो, त्यामुळे माणूस काही येरागबाळा नव्हता. सुई उडू नये म्हणून त्याने बरीच हुशारी लढवली. पण तबकडी होती खास, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची. घरच्या रेकॉर्डी गाडीत चालायच्या नाहीत, आणि गाडीसाठीच्या रेकॉर्डी काढणार एकटी कोलंबिया. त्यांच्या यादीत असेल तेच ऐकायचं. काही वर्षांत प्रकरण गुंडाळलं. खड्ड्यांमुळे बुडालं असं लोक गमतीने म्हणतात, पण मला वाटतं यादीमुळे बुडालं.

त्याच्या पुढचा टप्पा टेपचा. १९६५ च्या सप्टेंबरात फोर्डने १९६६ च्या गाड्यांसाठी आठ ट्रॅकचा टेप देऊ केला. तो घडवणारा विल्यम लिअर, जो १९३० मध्ये गॅल्व्हिनबरोबर पहिल्या रेडिओच्या खटपटीत होता आणि ज्याच्या नावाने पुढे लिअरजेट विमानं उडाली. (काही माणसं एका जन्मात तीन-चार रेझ्युमे भरतात!) फिलिप्सची छोटी कॅसेट १९६३ मध्ये आलेली होतीच. ती हळूहळू गाडीत शिरली आणि आठ ट्रॅकवाल्याला बाहेर काढून बसली.

आता बघा, रेडिओ, टेप, कॅसेट, पुढे सीडी. गाडी दहा-पंधरा वर्षं टिकते आणि गाणी ऐकायचं यंत्र चार-पाच वर्षांत जुनं होतं. दोघांचं आयुष्य जुळतच नाही. त्यामुळे काढघाल होणारच होती, प्रश्न फक्त ती किती त्रासाची, एवढाच. जुने रेडिओ दोन बटणांच्या दांड्यांवर नट आवळून बसवलेले असायचे, आणि ह्या गाडीत त्या दोन दांड्यांमधलं अंतर वेगळं, त्या गाडीत वेगळं. मग कापाकापी, घासाघाशी.

ह्यावर उत्तर दिलं जर्मनांनी. डिन, म्हणजे तिथली प्रमाणं ठरवणारी संस्था. तिच्या ७५४९० क्रमांकाच्या प्रमाणात ह्या भोकाची मापं आहेत. १९८४ मध्ये तेच आयएसओ ७७३६ म्हणून जगाचं झालं. म्हणून दुकानदार 'सिंगल डिन', 'डबल डिन' म्हणतात. डबल म्हणजे उंची दुप्पट, १०० मिलिमीटर. हा आकार जपानी गाड्यांत रुळला आणि पुढे स्क्रीन बसवायला कामी आला. त्याच १९८४ साली गाडीतले पहिले सीडी प्लेयर बाजारात आले. म्हणजे जागा वेळेवर तयार झाली म्हणायची.

मागच्या कप्लरचंही प्रमाण आलं, आयएसओ १०४८७. आठ-आठ पिनांचे दोन ठोकळे, एक वीजपुरवठ्याचा, एक स्पीकरचा. त्यात चार नंबरच्या पिनेवर कायमचा करंट, सात नंबरवर चावी फिरवल्यावर येणारा. बाहेरच्या स्टिरीओच्या वायरींना रंग ठरले: पिवळी कायमची, लाल चावीची, काळी अर्थ. आणि प्रमाण म्हटलं की ते वाकवणारा कुणीतरी असतोच! फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत चार आणि सात ह्या पिनांची अदलाबदल आहे. नवा स्टिरीओ लावला की तो मस्त वाजतो, आणि चावी काढली की घड्याळ, स्टेशनं सगळं विसरतो. उपाय काय, तर लाल-पिवळीची अदलाबदल. म्हणूनच काही कप्लरांत ह्या दोन वायरींना मध्येच सुटणारा जोड दिलेला असतो. चुकीच्या इंटरफेससाठी केलेली तजवीज इंटरफेसमध्येच. आपण कोडमध्ये ह्यापेक्षा वेगळं काय करतो?

आपल्याकडे तर हे भोक म्हणजे एक अख्खा बाजार होता. आधी रेडिओ ठेवायचा तर पोस्टात वर्षाचं लायसन भरावं लागायचं. ते ऐंशीच्या दशकात गेलं. मारुती ८०० १९८३ च्या डिसेंबरात आली, आणि पुढची वीसेक वर्षं बहुतेकांच्या गाड्या शोरूममधून टेपशिवायच बाहेर पडायच्या. भोकावर प्लॅस्टिकचं झाकण. गाडी घेतली की देवळात पूजा आणि मग टेप टाकायला बाजारात, असा क्रम. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात नाना पेठ. सोनी घ्यायचा की पायोनियर, ह्यावर घरात चर्चासत्रं व्हायची. २००१-०२ मध्ये खासगी एफएम आलं आणि ज्यांनी झाकण तसंच ठेवलं होतं त्यांनीही खिसा मोकळा केला.

भोकाची एक काळी बाजूही आहे, ती न सांगणं बरोबर होणार नाही. जो टेप कुठल्याही गाडीत बसतो, तो कुठल्याही गाडीतून काढून विकताही येतो. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोक गाडीच्या काचेवर 'ह्यात रेडिओ नाही' अशी पाटी लावायचे. काच फोडू नको बाबा, काही मिळणार नाही! आपल्याकडे विनोद होता की चोरीला गेलेला टेप शुक्रवारी चोरबाजारात स्वस्तात परत मिळतो. त्यातूनच पुढची पट्टी काढून खिशात घालायची सोय आली. तेव्हा गाडीवाले जेव्हा म्हणतात की आमचा वेगळ्या आकाराचा स्टिरीओ चोरीला जात नाही, तेव्हा ते खोटं नाही बोलत.

पण कारण तेवढंच नव्हतं. १९९६ च्या फोर्ड टॉरसमध्ये रेडिओ आणि एसीची बटणं एकाच अंडाकृती पट्टीत घातली. दिसायला भविष्यातली वगैरे. बाहेरचा टेप बसवायचा तर एसीचं काय? बाजाराने ह्यावरही तोड काढली, अख्खी पट्टी बदलून चौकोनी भोक देणारी फ्रेम विकायला आली. मग ओढाताण आकारातून वायरींत गेली. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली कॅन बस गाड्यांत पसरली, म्हणजे गाडीतले सगळे डबे दोन वायरींवरून एकमेकांशी बोलणार. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत तर दार उघडं असल्याची टिणटिणसुद्धा रेडिओतून यायला लागली. रेडिओ काढला की सूचनाही गेली. भोक चौकोनी असूनही आता त्यात साधा रेडिओ बसेना. बसवायचाच तर गाडीची भाषा बोलणारा वेगळा डबा घ्यायचा.

ह्यातलं बरंचसं अपरिहार्य होतं, हे मला मान्य आहे. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, तो दाखवायला स्क्रीन लागणारच. पण सगळं एका स्क्रीनमध्ये कोंबायचं आणि ती स्क्रीन डॅशबोर्डातच ओतायची, ही निवड आहे. तिची किंमत २०२१ मध्ये दिसली. टेस्लाला जवळपास १ लाख ३५ हजार मॉडेल एस आणि एक्स गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण ८ जीबीची एक फ्लॅश चिप. तिच्यावर सतत लिहून लिहून तिच्या लिहिण्या-पुसण्याच्या फेऱ्या संपत होत्या. चिप मेली की स्क्रीन मेली, आणि स्क्रीनबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवायची बटणंही. आणि ह्याच्या उलट: २०१४ मध्ये अ‍ॅपलचं कारप्ले बहुतेक सगळ्या नव्या गाड्यांच्याही आधी पायोनियरच्या बाहेरून बसवायच्या स्टिरीओत आलं. दहा वर्षं जुन्या गाडीत नवीन फोन बोलायला लागला, कारण तिला १८० मिलिमीटरचं भोक होतं. २०२३ मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केलं की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले देणार नाही, आमचंच सॉफ्टवेअर वापरा. ते वाचून मला हायवे हाय-फाय आठवला.

आमच्या टीममधल्या एकाची सात वर्षांची गाडी आहे, पुढे मोठी स्क्रीन, सगळं त्यातच. गेल्या पावसाळ्यात ती काळी पडली. सर्व्हिस सेंटरने सांगितलेला आकडा ऐकून तो तडक बाहेरच्या दुकानात गेला. दुकानदाराने कडेने बोट फिरवून पाहिलं, एकही स्क्रू दिसेना. म्हणाला, "साहेब, स्क्रीन काय, ह्याच्या दुप्पट मोठी देतो. पण मग एसी कुठून लावणार?"