ओट्यापर्यंतची वाट

चालणं सुटलेल्या आईला लेकीच्या गावाहून घरी आणायचं, तर परभणीच्या खेड्यांत पूर्वी आधी आभाळ पाहिलं जाई. मृग बरसला की इथल्या काळ्या रानात गाडीची चाकं आसापर्यंत रुतत. म्हणून अशी ने-आण सुगी उरकली की, रस्ते वाळले की.

तयारी घरच्या घरीच होई. गाडीत कडब्याचा जाड थर, त्यावर वाकळ, वरून उन्हाला आडोसा. चौघं जण म्हातारीला बाजेसकट उचलून ओट्यावरून खाली आणत. बैल सोडलेले असले की गाडी उलाळता येते, मागची बाजू जमिनीला टेकते. आज ज्याला रॅम्प म्हणतात तो असा आयताच मिळे. गंगाखेडला गोदावरीच्या स्नानाला नेतानाही हीच रीत. नदीला मात्र सगळे गंगाच म्हणत.

१९००च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड–सिकंदराबाद ही मीटरगेज रेल्वे पूर्ण झाली. परभणी, पूर्णा, सेलू ही गावं तिच्यावर आली. दोन-तीन मुक्कामांची वाट काही तासांची झाली. पण बाज डब्यात कशी चढणार? गाडी उलाळता येई, डबा थोडाच उलाळतो! तिथं पाठुंगळी घेण्याला पर्याय नव्हता.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. पुढं लाल एसटी गावोगाव पोहोचली. तिची पहिली पायरी मात्र म्हाताऱ्या गुडघ्यांना उंचच राहिली. २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचं तिकीट माफ झालं. पायरी होती तिथंच आहे.

कायद्यानं हा प्रश्न उशिरा हाती घेतला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात रेल्वेचे डबे, बस आणि स्वच्छतागृहं चाकांच्या खुर्चीला सोयीची करायला सांगितलं होतं, पण आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत. २०१६चा कायदा अधिक कडक निघाला: सध्याच्या सार्वजनिक इमारती ठरावीक मुदतीत सुगम करा, असं त्यानं बजावलं.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत तर वाट उलटी झाली. परभणीत २६ एप्रिलला मतदान होतं. ८५ वर्षांपुढच्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना आधी अर्ज करून घरबसल्या मत देता येत होतं. सरकारी माणसं मतपत्रिका घेऊन उंबरठ्यावर येणार होती.

आता ने-आणीची दिशाही बदलली आहे. मुलं पुण्या-मुंबईत, आई त्यांच्याजवळ, आणि तिला पोळ्याला नाहीतर दिवाळीला गावचं घर पाहायचं असतं. देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसचं आरक्षण होतं, स्टेशनवर खुर्ची सांगून ठेवता येते. मग गावी फोन जातो: दाराची रुंदी मोज, न्हाणीत खुर्ची वळते का बघ.

ओट्याचा हिशेब मात्र बसत नाही. उतार सोपा हवा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. जुन्या घराचा ओटा तीन फूट धरला तरी छत्तीस फूट होतात, आणि गल्ली तेवढी रुंद कुठली! शेवटी भावकीतले चौघं जण पुढं येतात, खुर्चीचे ब्रेक लावतात आणि आईला खुर्चीसकट ओट्यावर चढवतात.