उपासमारीची नोंद

बडोद्यातल्या आपल्या अनेक जुन्या मराठी घरांत कुलवृत्तांत जपून ठेवलेला असतो. मूळ गाव कोणते, गायकवाडांच्या काळात इकडे प्रथम कोण आले, दत्तक कोण गेले, हे सारे त्यात सापडते. छप्पनियो दुष्काळात घरातल्या गर्भार सुनेच्या ताटात काय पडत होते, हे मात्र सापडत नाही. तशी नोंद कोणी ठेवत नसे. पण ती नोंद अगदीच पुसली जात नाही, पोटातल्या बाळाच्या शरीरात तिची खूण राहू शकते, हे गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाने दाखवले आहे. त्यासाठी आपल्याला आधी हॉलंडमधल्या एका हिवाळ्याकडे वळावे लागेल.

दुसरे महायुद्ध संपत आले होते. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा दक्षिणेकडून हॉलंडात शिरल्या, पण ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग हा पश्चिमेचा दाट वस्तीचा पट्टा जर्मनांच्याच हाती राहिला. लंडनहून डच सरकारने हाक दिली आणि रेल्वे कामगारांनी संप पुकारला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडे जाणारे धान्य अडवले. पुढे ही बंदी सैल झाली, तोवर कडाक्याची थंडी पडली आणि कालवे गोठल्यामुळे होड्या अडकून पडल्या. नोव्हेंबरअखेर शिध्यावर मिळणारे अन्न दिवसाला हजार कॅलरींच्या खाली आले. डिसेंबर ते एप्रिल या काळात ते चारशे ते आठशेवर घुटमळत होते. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, साखरेच्या बिटावर दिवस काढले. गर्भवतींना मिळणारा जादा शिधाही या कठीण काळात देता येईना. सुमारे वीस हजार माणसे दगावली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि थोड्याच आठवड्यांत पुन्हा पोटभर अन्न मिळू लागले.

या दुर्दैवाला दोन काठ होते. उपासमार केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली हे ठाऊक होते. खाऊनपिऊन सुखी असलेल्या समाजावर ती अचानक कोसळली होती, आणि युद्धातही तिथल्या दवाखान्यांनी जन्मांच्या नोंदी नीट ठेवल्या होत्या. त्यामुळे कोणते मूल गर्भात कितव्या महिन्याचे असताना आई उपाशी होती, हे पुढे सांगता आले. झेना स्टाइन, मर्विन सुसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लष्करी भरतीसाठी तपासलेल्या एकोणीस वर्षांच्या सुमारे तीन लाख डच तरुणांच्या नोंदी पाहिल्या. १९७६ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. गर्भावस्थेच्या पहिल्या अर्ध्या काळात आई उपाशी असलेल्यांत लठ्ठपणाचे प्रमाण अधिक होते. शेवटच्या महिन्यांत उपासमार झाली असेल तर ते उलट कमी होते. पुढे ॲमस्टरडॅमच्या एका इस्पितळात त्या काळी जन्मलेल्यांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा गर्भात उपासमार सोसलेल्यांचे शरीर साखर तितक्या सहजपणे पचवत नाही असे आढळले.

जन्मानंतर ज्यांनी भरपूर खाल्ले, त्यांच्या शरीराने जन्माआधीची उपासमार लक्षात कशी ठेवली? काही महिन्यांच्या भुकेने जनुके बदलत नाहीत. मग ही खूण राहिली कुठे?

यासाठी आपल्या जुन्या दफ्तरखान्यांची आठवण उपयोगी पडेल. मोडी कागदांचे गठ्ठे तिथे रुमालात बांधून ठेवत. रोजच्या कामाचे रुमाल सुटलेले असत, इतर घट्ट गाठ मारून फळीवर पडलेले. आपल्या पेशींतही असेच आहे. बहुतेक प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो आणि त्यात साधारण वीस हजार प्रथिन-जनुके असतात. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्याकडे दफ्तर तेच. फरक पडतो तो कोणता रुमाल सुटलेला आहे यामुळे. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी सैल, तिथले जनुक वाचले जाते. जिथे ती घट्ट, तिथले गप्प राहते. शिवाय डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाच्या बारीकशा रासायनिक खुणा चिकटतात. जनुकाच्या आरंभी अशा खुणा दाटल्या, की ते बहुधा बंद राहते. पेशी दुभंगते तेव्हा या खुणांची नक्कलही नव्या पेशीत उतरते. कागदावरचे एक अक्षरही न बदलता वाचन बदलते, आणि या साऱ्याच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द या अर्थाच्या जवळपास प्रथम वापरला ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये, म्हणजे डीएनएची रचना उलगडण्याच्या अकरा वर्षे आधी.

२००८ मध्ये डच संशोधकांनी या खुणाच तपासल्या. त्या हिवाळ्यात ज्यांचा गर्भ राहिला अशा साठ जणांचे रक्त घेऊन त्यांनी त्याची तुलना त्यांच्याच सख्ख्या, उपासमार न सोसलेल्या भावंडांशी केली. वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या मिथाइल खुणा या साठ जणांत कमी होत्या. मधे साठ वर्षे गेली होती. याच खुणेमुळे त्यांना आजार झाला असे मात्र यातून सिद्ध होत नाही. खूण राहते, इतके दिसले.

हा विषय आपल्याला परका नाही. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण पुण्याची बाळे नुसतीच बारीक नव्हती. त्यांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. त्या मातांपैकी अनेकींत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली, आणि मिथाइल खुणा तयार होण्यासाठी शरीराला फोलेटबरोबर तेच लागते. दूधदुभते जेमतेम असलेल्या शाकाहारी घरांत त्याची वाण पडणे सोपे.

छप्पनियोला हॉलंडसारखे काठ नव्हते. १८९१ मध्ये बडोदा संस्थानची लोकसंख्या सुमारे चोवीस लाख होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली, एवढा तो भीषण होता. पण गरिबाचे पोट त्याच्या आधीही अर्धेच भरत होते आणि नंतरही. म्हणून त्या एका वर्षाचा परिणाम वेगळा काढता येत नाही, आणि आपल्या पिढीतला मधुमेह पणजीच्या उपासमारीतून आला असेही म्हणता येत नाही. बीजांडे आणि शुक्रपेशी घडताना, आणि गर्भ राहिल्यावर लगेच, या खुणा बहुतांशी पुसल्या जातात. एक गोष्ट मात्र पक्की आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात पुढच्या पिढीची बीजांडे तयार होऊ लागतात. गर्भार बाई जेवायला बसते तेव्हा त्या पानावर एका परीने तीन पिढ्या बसलेल्या असतात.

मधुमेहाचा विषय निघाला, की आपल्या घरांतून दोन वाक्ये ऐकू येतात. एक, 'आमच्या घराण्यातच आहे.' दुसरे वाक्य हल्ली हे अर्धवट वाचून आले आहे, 'आईनेच नीट खाल्ले नसेल.' हॉलंडचा इतिहास दोन्हींना उत्तर देतो. घराण्यातून कागद येतो, पण रुमाल कोणता सुटेल हे त्यातच लिहिलेले नसते. आणि ॲमस्टरडॅमच्या त्या बायकांनी संप केला नव्हता, धान्य अडवले नव्हते, कालवे गोठवले नव्हते. त्यांच्या ताटात काय पडावे हे दुसऱ्यांनी ठरवले. आपल्या घरांतही सुनेने सर्वांच्या मागून, उरलेले जेवावे हा रिवाज कोणा एका बाईने ठरवलेला नव्हता. डोहाळजेवणाच्या दिवशी आपण पाच पक्वान्ने वाढतो. बाकीच्या दोनशे ऐंशी दिवसांत तिला वेळेवर, आधी आणि पोटभर वाढणे हे सगळ्या घराचे काम आहे. कुलवृत्तांताचे पुढचे पान तिथे लिहिले जाते.