भेरीतले मासे आणि टांगऱ्याचे चामडे

कोलकात्याच्या पूर्वेला मैलापाण्यावर मासे वाढवण्याची रीत १९३० च्या दशकात रुळली. विद्याधरी नदी गाळाने भरत जाऊन १९२८ मध्ये मृत ठरली होती, आणि भरतीचे पाणी आटलेल्या खाजणांत शहराचे सांडपाणी घेतले जाऊ लागले. तिथल्या उथळ तळ्यांना भेरी म्हणतात. ऊन आणि शेवाळ मिळून मैला पचवतात, त्यावर रोहू, कटला, मृगळ पोसतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने १९८० च्या दशकात ही व्यवस्था अभ्यासून जगापुढे मांडली, तोवर कोळ्यांच्या या ज्ञानाची दखल फारशी कुणी घेतली नव्हती.

मैला कुजतो, धातू कुजत नाही. टांगरा, तिलजला, तोपसिया भागांत हक्का चिनी आणि इतर कारागिरांचे चर्मोद्योग वाढले. कातडी कमावण्यासाठी क्रोमियमचे क्षार वापरले जात आणि उरलेले पाणी शहराच्या नाल्यांत जाई. त्यातले बरेचसे क्रोमियम गाळात बसते.

त्याचा अपाय माशाच्या वयावर ठरतो. अंड्याचे कवच पाण्यात पडल्यावर घट्ट होते आणि बराच धातू बाहेर रोखते. मादीच्या शरीरातून बलकात उतरलेला धातू मात्र आतच असतो. अंड्यातून निघालेले जिरे सर्वांत हळवे. त्याचे कल्ले पुरते घडलेले नसतात, धातू बांधून ठेवणारी प्रथिनेही पुरेशी नसतात. कॅडमियमसारखा धातू कॅल्शियमचे शोषण अडवतो, तेव्हा पाठीचा कणा वाकडा होऊ शकतो. बोटुकली त्यापेक्षा तग धरते. मोठा मासा धातू यकृतात, मूत्रपिंडात साठवून जगतो, पण त्याचे प्रजनन खालावू शकते.

रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करत. १९५७ मध्ये कटकला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरक टोचून प्रजनन साधले, आणि पुढे बीज उबवणी केंद्रांतून येऊ लागले. म्हणजे माशाच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ भेरीबाहेरच सरतो. भेरीत मासे धडधाकट दिसतात एवढ्यावरून पाणी निर्दोष मानणे म्हणूनच धोक्याचे आहे. तिलापियाची गोष्ट वेगळी: तो भेरीतच पैदास करतो, मादी अंडी तोंडात धरते.

कलकत्ता उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये भेऱ्यांच्या या पाणथळीवरच्या बांधकामांना लगाम घातला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चर्मोद्योग शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला, आणि २००२ मध्ये १२,५०० हेक्टर क्षेत्राला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नवी चर्मनगरी बानतल्याला, याच पाणथळीच्या कडेला वसली. कारखाने हलले तरी तळाशी बसलेला धातू गाळ उपसल्याशिवाय जात नाही, आणि मृगळ तळाशीच चरतो.