बाणाला पिसे बसवणे

बाणाच्या दांड्याच्या मागील टोकाजवळ, खाचेच्या किंचित पुढे, पिसे चिकटवून किंवा दोऱ्याने बांधून बाणाचे उड्डाण स्थिर करण्याच्या क्रियेला बाणाला पिसे बसवणे असे म्हणतात. पिसांऐवजी प्लॅस्टिकची पातीही वापरली जातात. बाणाच्या या भागाला संस्कृतमध्ये ‘पुंख’ अशी संज्ञा आहे. पूर्वी हे काम स्वतंत्र कारागिरांचे होते. आज पारंपरिक धनुष्य वापरणारे अनेक तिरंदाज ते घरीच करतात. पिसे हा बाणाचा सर्वांत लवकर खराब होणारा भाग असून दांडा शाबूत असताना केवळ पिसांसाठी बाण टाकून देणे परवडत नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे.

कार्य

प्रत्यंचेवरून सुटलेला बाण दिसतो तसा सरळ जात नाही. प्रत्यंचेच्या धक्क्याने त्याचा दांडा वाकतो आणि पुढे काही अंतरापर्यंत तो दोन्ही बाजूंना आलटून पालटून लवत राहतो. बाण मार्गापासून तिरका होताच पिसांवर हवेचा दाब पडतो. हा दाब बाणाच्या गुरुत्वमध्याच्या मागे पडत असल्याने बाणाचे शेपूट पुन्हा रेषेत येते. पिसे दांड्याच्या अक्षाशी थोडी तिरपी बसवल्यास बाण स्वतःभोवती फिरतो आणि लहानसहान दोष एका बाजूला साचत नाहीत. या स्थैर्यासाठी वेगाची किंमत मोजावी लागते. पिसे जितकी मोठी, तितका हवेचा अवरोध अधिक. दूर अंतराच्या स्पर्धांतील बाणांना म्हणून अगदी लहान पिसे असतात, तर हवेतील लक्ष्यावर सोडायच्या बाणांना मुद्दाम मोठी, फुगीर पिसे लावतात. असा बाण थोड्याच अंतरावर खाली पडतो व सापडतो.

पिसांवाचून बाण उडतच नाही, असे मात्र नाही. न्यू गिनी बेटावरील पारंपरिक बाणांना पिसे नसतात. ते लांब व पुढून जड असून जवळच्या लक्ष्यावर सोडले जातात.

इतिहास

इटली-ऑस्ट्रिया सीमेवरील आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ऑट्झी’ या हिममानवाच्या भात्यात १४ बाण होते. त्यांपैकी दोनच पूर्ण झालेले होते. त्या दोन बाणांवर तीन-तीन पिसे भूर्जवृक्षाच्या सालीपासून केलेल्या डांबराने चिकटवून वर बारीक धाग्याने गुंडाळलेली होती. चिकटवणे आणि गुंडाळणे ही दुहेरी पद्धत आजही घरगुती कामात तशीच वापरली जाते.

प्राचीन भारतीय वाङ्मयात बाणांचा उल्लेख अनेकदा पिसांवरूनच होतो. ‘कंकपत्र’ आणि ‘गार्ध्रपत्र’ (गिधाडाच्या पिसांचा) ही बाणांची विशेषणे महाकाव्यांत आढळतात. मराठीत बारकाईने केलेल्या विचाराला ‘पुंखानुपुंख’ म्हणतात, त्यातील पुंखही हाच. एका बाणाच्या पिसाऱ्यामागोमाग दुसरा बाण, असा त्या शब्दाचा मूळ भाव आहे. उन्हाळी या औषधी वनस्पतीचे ‘शरपुंखा’ हे नावही तिच्या पानावरून पडले आहे. पान ओढून तोडल्यास ते बाणाच्या पिसाऱ्याप्रमाणे तिरपे फाटते.

इंग्लंडमध्ये या कामाला मोठ्या व्यवसायाचे रूप आले. १३७१ मध्ये लंडनच्या बाण बनवणाऱ्या कारागिरांनी आपला व्यवसाय धनुष्य बनवणाऱ्यांपासून वेगळा करून घेतला. फ्लेचर हे इंग्रजी आडनाव याच धंद्यावरून आले आहे. तेथे प्रामुख्याने पाळीव हंसाची पिसे वापरली जात. १५४५ मध्ये बुडालेल्या व १९८२ मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवर हजारो बाण मिळाले.

पिसांची निवड

पक्ष्याच्या डाव्या व उजव्या पंखांतील पिसांचा बाक परस्परविरुद्ध असतो. एका बाणावरील सर्व पिसे एकाच बाजूच्या पंखाची असणे हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. मिश्र पिसे बाणाला एकाच वेळी दोन दिशांना फिरवू पाहतात आणि असा बाण डगमगत जातो. डावी बाजू चांगली की उजवी, हा वाद मात्र व्यर्थ आहे. दोन्ही सारखेच काम देतात. जपानच्या क्यूदो परंपरेत बाणांची जोडी असते. ‘हाया’ व ‘ओतोया’ या दोन बाणांची पिसे विरुद्ध बाकाची असल्याने ते विरुद्ध दिशांना फिरतात.

सध्या सर्वाधिक वापर टर्कीच्या पंखांतील ताठ पिसांचा होतो. भारतात वन्य पक्ष्यांची पिसे गोळा करणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे अडचणीचे ठरू शकते. गिधाडांची संख्या तर पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकच्या वापरामुळे कोसळली आणि त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. त्यामुळे टर्की किंवा हंस या पाळीव पक्ष्यांची पिसे वापरणे हाच योग्य मार्ग होय.

घरी पिसे बसवण्याची पद्धत

पिसाचा कणा धारदार पात्याने मधोमध उभा चिरतात व रुंद बाजूचा भाग ठेवतात. कण्याचा तळ सँडपेपरवर घासून सपाट व पातळ केला जातो. हे काम कंटाळवाणे असले तरी पुढील सर्व यश त्यावरच अवलंबून असते, कारण उंचसखल तळ दांड्यावर पूर्ण टेकत नाही. नंतर पीस साधारणपणे १० ते १३ सेंटिमीटर लांबीचे कापतात. आकार कात्रीने देता येतो किंवा तापलेल्या तारेने कडा जाळून. जाळताना दुर्गंधी येत असल्याने ते उघड्यावर करतात.

लाकडी दांड्याची खाच वर्षवलयांच्या रेषांना काटकोनात घेतली जाते. अन्यथा प्रत्यंचेच्या दाबाने दांडा उभा फाटू शकतो. एक पीस खाचेला काटकोनात, म्हणजे धनुष्याच्या विरुद्ध बाजूला येईल असे बसवतात व ओळखीसाठी ते वेगळ्या रंगाचे घेतात. उरलेली दोन त्यापासून १२० अंशांवर येतात. पिसाचे जाड टोक बाणाच्या फाळाकडे असते, जेणेकरून पुढून मागे बोट फिरवल्यास पीस गुळगुळीत लागते. खाच व पीस यांत सुमारे अडीच सेंटिमीटर मोकळी जागा सोडतात, म्हणजे प्रत्यंचा ओढणारी बोटे पिसाला लागत नाहीत.

अंतर नेमके ठेवण्यासाठी चिमटा असलेला साचा मिळतो. चिमट्यात पीस धरून, तळाला गोंदाची बारीक रेघ देऊन ते दांड्यावर दाबतात आणि गोंद धरल्यावर साचा १२० अंशांनी फिरवतात. दांडा आधी स्पिरिटने पुसणे आवश्यक असते. बोटांचा तेलकटपणाही गोंदाला पुरेसा मारक ठरतो. साचा नसल्यास कागदाच्या पट्टीने दांड्याचा परीघ मोजून तिचे तीन समान भाग पाडतात व त्याप्रमाणे खुणा करतात. मग पिसाच्या तंतूंमधून दोरा सर्पिल गुंडाळत नेतात. ही पद्धत वेळखाऊ, पण भरवशाची आहे.

दोष आणि सुरक्षितता

घरगुती बाणातील सर्वांत धोकादायक दोष म्हणजे पिसाच्या कण्याचे सुटलेले पुढील टोक. बाण हातावरून सोडला जात असल्यास हे ताठ टोक धनुष्य धरलेल्या हातात वेगाने घुसू शकते. म्हणून ते टोक उतरते घासून त्यावर गोंदाचा थेंब देतात किंवा दोरा गुंडाळतात. जुनी पिसे खरवडताना दांड्याला चीर पडत नाही ना, हे पाहावे लागते. कार्बनचा दांडा दोन्ही हातांनी हलकेच वाकवून आवाज ऐकतात. कडकड आवाज आल्यास तो बाण वापरू नये. चिरलेला दांडा सुटताना हातातच फुटतो.

हातावरून बाण सोडणाऱ्यांसाठी प्लॅस्टिकची पाती फारशी उपयोगी नाहीत. पीस हाताला घासून जाताना दबते, तर ताठ पाते बाणाला बाजूला उडवते. पावसात मात्र पिसे भिजून चिकटतात आणि प्लॅस्टिक तसेच राहते. दबलेली पिसे उकळत्या पाण्याच्या वाफेवर काही क्षण धरल्यास पुन्हा आपल्या आकारात येतात. कसर पिसे कुरतडत असल्याने साठवणीच्या डब्यात कापूर ठेवला जातो.