विटांत कोंडलेली मेडलॉक

मँचेस्टर म्हटलं की आपल्याला फुटबॉल आठवतो. मला अलीकडे मेडलॉक आठवते. जेमतेम 16 किलोमीटरची नदी. ओल्डहॅमच्या पूर्वेकडच्या डोंगरांत उगम, मग डेझी नूकची झाडी, क्लेटन वेलचं खोरं आणि शेवटी शहर ओलांडून कॅसलफिल्डजवळ आयर्वेल नदीत संगम. मॅपवर तिची निळी रेघ शहरात शिरली की मधूनच गायब होते. ती जाते कुठे, हे शोधताना मला तिचा इतिहास सापडला.

1782 साली तिच्या काठी, मेफिल्डला, थॉमस हॉइलने कापडछपाईचा कारखाना काढला. रंगकामाला पाणी लागतं आणि वापरलेलं पाणी सोडायला जागाही लागते. नदीने दोन्ही दिलं. पुढे गिरण्या वाढल्या, मजूर आले, आणि नदीच्या एका वळणावर ‘लिटल आयर्लंड’ ही वस्ती उभी राहिली. फ्रेडरिक एंगल्सने 1845च्या पुस्तकात तिचं वर्णन केलंय: सुमारे 200 घरं आणि 4000 माणसं. म्हणजे घरामागे 20! हे लिहिलं तेव्हा तो माझ्याहूनही लहान होता.

जुलै 1872मध्ये मेडलॉकला मोठा पूर आला. फिलिप्स पार्कच्या दफनभूमीत पाणी घुसलं आणि पुरलेली प्रेतं वाहून गेली. शहर हादरलं. पुढे तिथल्या पात्राचा तळ आणि काठ लाखो लाल विटांनी बांधून काढले.

इंजिनिअर म्हणून मला यामागचा हिशेब कळतो. काम एकच होतं: पाणी कुठेही न तुंबता पुढे गेलं पाहिजे. ते झालं. पण गुळगुळीत विटांवर गाळ थांबत नाही, पाणवनस्पती रुजत नाहीत, माशांना आडोसा मिळत नाही. नदीने काय काय करायचं असतं, त्या यादीत पाणी वाहून नेण्याखेरीज दुसरं काही कुणी लिहिलंच नव्हतं.

गेल्या काही वर्षांत क्लेटन वेलमध्ये थोड्या भागातल्या विटा काढून पात्र मोकळं केलंय. 2022मध्ये हॉइलच्या कारखान्याच्या परिसरातच मेफिल्ड पार्क सुरू झालं. तिथे झाकलेली नदी पुन्हा उजेडात आलीय.

बाकी बरीचशी मेडलॉक अजून भिंतींमध्ये आणि रस्त्यांखालीच आहे. विटा बसवायचं ठरवायला एका पुराची भीती पुरली. त्यातल्या थोड्याशा काढायला मात्र शंभरेक वर्षं जावी लागली.